ओहोटीचा क्लास

फाल्गुन जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कोणाची तरी आई असते, डहाणू गावातली नाहीतर स्टेशनकडची, आणि ती विचारते, "मॅडम, बारावीच्या मॅथ्सच्या बॅचचं टायमिंग काय?" मी विचारते, "आज तिथी कुठली?" मग बऱ्याचदा फोन ठेवला जातो. माझ्याबद्दल डहाणूत दोन मतं आहेत. एक, नरपडच्या त्या बाई गणित बरं शिकवतात. दुसरं, नरपडच्या त्या बाई जरा अशाच आहेत. मला दोन्ही मतं मान्य आहेत.

नरपडला आमची चिकूची वाडी आहे. वाडी संपली की सुरूची झाडं, सुरू संपली की वाळू, आणि मग समुद्र. घराच्या मागच्या पडवीत मी शिकवणी घेते. लग्न होऊन इथे आले तेव्हा नुसत्या हौसेने सुरू केली होती, संध्याकाळी पाचची बॅच. आमच्या घरामागच्याच मच्छीमारांच्या मुली यायच्या. एखाद्या दिवशी पडवी भरलेली, आणि चार दिवसांनी बघावं तर मी, फळा आणि दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. मुली आळशी असतील म्हणावं तर तसंही नव्हतं. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की होड्या भरतीच्या पाण्याबरोबर येतात. होडी लागली की घरातलं कोणी घरात उरत नाही. कोणी जाळं सोडवतंय, कोणी बोंबील वेगळे करतंय, कोणी टोपली घेऊन रिक्षा पकडतंय. अशा वेळी कोण कशाला इंटिग्रेशन करायला येईल? मग मी घड्याळ सोडलं आणि क्लास ओहोटीला लावला.

हे फार अवघड नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, किनाऱ्यावर हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठच्या सुमाराला भरती, म्हणजे दुपारी दोनच्या आसपास वाळू मोकळी आणि क्लास. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे, तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. असा माझा क्लास पंधरवडाभर दिवसाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो. आमचे हे म्हणतात, "तुझ्या क्लासला चंद्राने ॲडमिशन घेतलीय, फी मात्र अजून भरली नाही."

आज सकाळपासून दक्षिणेकडचा वारा सुटला आहे. दुपारच्या सुमाराला तो समुद्रावरून वळेल आणि सुरूंमधून लांबवर वाहनं गेल्यासारखा आवाज येत राहील. या दिवसांत इथली हवा एका विशिष्ट वासाने भरलेली असते. चिकूचा चीक, सुकत घातलेले बोंबील, वाळलेला सुरूचा पाला आणि कुठूनतरी, अगदी पुसट, मोहाच्या फुलांचा वास. मोहाचा वास आमच्या नरपडचा नव्हे, तो आतल्या गावांकडून येतो. पूर्वी मला तो ओळखू यायचा नाही. दर्शना यायला लागली त्या फाल्गुनापासून येतो.

त्या वर्षी जानेवारीतच केव्हातरी जमनी तिला घेऊन आली होती. जमनी आमच्या वाडीत चिकू उतरवते. बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली लांब काठी घेऊन ती झाडाखाली उभी राहिली की वर न बघताच चिकू खाली आणते असं वाटतं. त्या दिवशी काठी भिंतीला टेकवून ती पडवीच्या पायरीशी उभी राहिली. मागे एक मुलगी, वेणी घट्ट, चपला हातात.

"बाई, ही माझ्या भावाची पोरगी. झरीची," जमनी म्हणाली. "बारावीला गणितात गेली. बाकी सगळ्यात पास हाय. गणितानंच अडवलीय."

मी मुलीकडे बघितलं. ती फळ्याकडे बघत होती. फळ्यावर कालचं अर्धवट पुसलेलं गणित होतं.

"क्लास कधी आहे बाई?" तिने विचारलं.

"बस. अजून पाणी आहे," मी म्हटलं.

तिने चमकून जमिनीकडे बघितलं, मग आभाळाकडे. समुद्र तिने पाहिला होता, न पाहायला काय झालं, पण त्याला वेळ असते आणि त्या वेळेवर कोणाची शिकवणी अवलंबून असते, हे तिच्यासाठी नवीन होतं. ती ओट्यावर बसून राहिली. पाणी उतरलं, मुली आल्या, वर्ग भरला, तोवर तिची परतीची गाडी पकडायची वेळ झाली होती. पहिल्या दिवशी ती जेमतेम अर्धं गणित शिकून गेली.

झरीहून नरपड म्हणजे आधी जीपने तलासरी नाका, तिथून डहाणूची एसटी, आणि डहाणूहून शेअर रिक्षा. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, एसटी आपल्या मनाने येते, रिक्षावाला मासे उतरवल्याशिवाय निघत नाही. म्हणजे माझा क्लास चंद्रावर, तिची वाट तीन ड्रायव्हरांवर. या सगळ्याचं गणित कोण जमवणार?

तरी जमलं, निम्मं तरी. पाण्याला फार जोर नसतो त्या दिवसांना इथे भांग म्हणतात, अष्टमीच्या आगेमागेचे दिवस. तेव्हा ओहोटी ऐन दुपारी येते आणि दर्शनाला वेळेत पोचता यायचं. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायची, प्रश्न विचारायची नाही, पण फळ्यावरून तिची नजर हलायची नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या बाजूचे उधाणाचे दिवस आले की पंचाईत व्हायची. तेव्हा ओहोटी पहाटे, नाहीतर दिवेलागणीला. संध्याकाळी थांबली तर तिला परतीची गाडी नाही. सकाळी ती दहा वाजता धापा टाकत पोचायची, तेव्हा माझा क्लास आटोपून पडवीत चिकूचे ढीग पडलेले असायचे. चिकू निवडणाऱ्या बायका, टोपल्या, खोके, आणि ह्यांचा फोनवरचा आवाज. फळ्यापर्यंत जायला वाट नसायची.

तिचं काय पणाला लागलेलं आहे ते तिने मला एकदा सांगितलं, तेही विचारलं म्हणून. तलासरी नाक्यावर सकाळी दोन गाड्या उभ्या राहतात. एक डहाणूची एसटी, जिच्यातून कॉलेजची मुलं जातात. दुसरी हद्दीपलीकडच्या गुजरातेतल्या कंपन्यांची बस. तिची मोठी बहीण त्या बसने जाते. दिवसभर प्लॅस्टिकची झाकणं तपासायची आणि संध्याकाळी परत.

"बाबा बोलले, या टायमाला गणित सुटलं तर कॉलेज. नाय सुटलं तर ताईबरोबर."

"आणि ताई काय म्हणते?"

"ताई वाईट नाय बाई. ती बोलते, माझ्या बाजूची सीट ठेवते तुझ्यासाठी. खिडकीची."

ती हे इतक्या शांतपणे बोलली की मलाच गलबलून आलं. प्रेमाने राखून ठेवलेली ती खिडकीची सीट मला निकालापर्यंत डोळ्यांसमोर दिसत राहिली. रात्री पंखा बंद पडला, जाग आली, की आधी ती सीट आठवायची.

वाट काढली ती भाविकाने. भाविका म्हणजे आमच्या घरामागच्या होडीवाल्यांची मुलगी, माझ्या बॅचमधली सगळ्यात बडबडी. गणित चांगलं यायचं, पण एका जागी बसायची नाही. ती म्हणाली, "टीचर, तुम्ही टेन्शन नका घेऊ ने. मी शिकवते तिला. तसं पण मला पप्पांची होडी बघत किनाऱ्यावर बसायला लागतं."

आणि मग उधाणाच्या दिवसांतली ती सकाळ सुरू झाली, जी आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. सुरूंच्या पलीकडे ओली वाळू. पाणी अजून लांब, पण येतंय. दोन मुली, एकीच्या हातात सुरूची काटकी, दुसरीच्या हातात तुटलेल्या वल्ह्याचा तुकडा. हातभर लांबीची इंटिग्रलची खूण, त्याच्यापुढे एक्स, वर घात. उन्हाने वाळू चकाकायची आणि आकडे कधी दिसायचे, कधी नुसतीच चमक दिसायची. भाविकाचा एक डोळा समुद्राकडे. मध्येच ती हात आडवा धरून दूर बघायची, "नाय, ती आपली नाय, ती चिखले गावची," आणि पुन्हा गणितावर यायची.

पाणी चढायला लागलं की त्या मागे सरकायच्या. पहिली ओळ पाण्याच्या अगदी काठाशी लिहिलेली, दुसरी तिच्या वर, तिसरी तिच्या वर. लाट आली की पहिली ओळ गेली. भाविकाने त्याचा खेळच करून टाकला. पाणी मागची ओळ खाईल त्याच्या आत पुढची आली पाहिजे. मागे वळून बघायचं नाही. दर्शना हसायला लागली होती. तिचं हसणं मी प्रथम तिथेच ऐकलं, पडवीतून, चिकूच्या ढिगांवरून. उत्तर कोरड्या वाळूपर्यंत पोचलं की दोघी टाळी द्यायच्या. तेवढ्यात होडी यायची आणि भाविका काटकी टाकून धावत सुटायची. दर्शनाही तिच्या मागे जायची. झरीची मुलगी होडीचा दोर ओढायला शिकली, बोंबील आणि मांदेली वेगळी करायला शिकली, आणि जाताना तिच्या पिशवीत पानात गुंडाळलेले चार मासे असायचे.

मला त्या सकाळींचं फार सुख वाटायचं. मी पायरीवर बसून चहा प्यायचे आणि बघत राहायचे. शिकवणारीला असं नुसतं बसून बघायला क्वचितच मिळतं. शिकवणी या धंद्यात मुलं येतात ती परीक्षेच्या धास्तीने, आणि जातात ती परीक्षा संपली म्हणून. मध्ये जे काही घडतं ते फळ्यावर घडतं आणि आपणच ते पुसतो. वर्षानुवर्षं मी हेच केलेलं आहे. चेहरे विसरतात, ऋतू राहतात. कोणत्या मुलीला कोणत्या वर्षी शिकवलं ते मला सांगता येत नाही, पण त्या वर्षी आंब्याला मोहोर किती होता ते येतं.

दर्शना भराभर पुढे जायला लागली. भांगाच्या दिवसांत क्लासला आली की मी फळ्यावर गणित लिहीपर्यंत तिच्या ओठांवर उत्तर तयार असायचं. मी विचारलं की हळूच सांगायची, आणि ते बरोबर असायचं. मी मनातल्या मनात खिडकीची सीट रिकामी करून टाकली होती.

मग सराव परीक्षा आली. बोर्डाच्या आधी मी माझ्या मुलींची एक घेते, बोर्डासारखीच, बोलणं नाही, उठणं नाही. तेव्हा नेमके भांगाचे दिवस होते, ओहोटी भरदुपारी, त्यामुळे सगळ्या हजर. दर्शनाचा पेपर सगळ्यांच्या आधी संपला. तिने घड्या घालून तो माझ्या टेबलावर ठेवला आणि बाहेर सुरूंखाली जाऊन बसली.

पेपर उघडला आणि मला पहिल्यांदा वाटलं की पानं गळली आहेत. प्रश्नाचा क्रमांक, खाली उत्तर. पुढचा क्रमांक, खाली उत्तर. जवळजवळ सगळी बरोबर. मधे मात्र काहीच नाही, कोरा कागद. बोर्डात मार्क असतात ते मधल्या पायऱ्यांना. उत्तर हा शेवटचा अर्धा-एक मार्क. तपासनीस काय करणार? नुसती उत्तरं बघितली की त्याला आधी वाटणार शेजारच्या बाकावरून आली.

मी तिला हाक मारली. भाविकाही तिच्याबरोबर आली, ती न बोलावता येतेच.

"दर्शना, हे उत्तर कुठून आलं?"

"काढलं बाई."

"मग मधलं कुठे गेलं?"

प्रश्न तिला खरोखरच कळला नव्हता. मग तिने सरळ सांगितलं, "ते गेलं ना बाई. पाण्यात."

भाविका हसली, मग पेपरात डोकावली. दर्शना गणित शिकली तेच असं की पुढची ओळ आली की मागची जाते. मागची ओळ असते तोपर्यंत डोक्यात धरायची आणि सोडून द्यायची. वाळूवर एवढं सगळं शिकलेल्या मुलीला ती ओळ जपून ठेवायची असते, ती दुसऱ्या कोणीतरी नंतर सावकाश वाचायची असते, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं.

दोन दिवस मी तिला वहीत लिहायला लावलं. मधल्या ओळी लिही, मधल्या ओळी लिही. ती लिहायची, पण कशी, तर उत्तर आधी आणि मधलं नंतर, घुसडल्यासारखं, आणि त्यात चुकायचं. पूर्वी चुकत नव्हतं ते चुकायला लागलं. तिचा चेहरा उतरला. जमनी चिकू उतरवता उतरवता मला म्हणाली, "बाई, पोरगी घरी जेवत नाय. बोलते, येत होतं ते पण गेलं." शिकलेलं विसरायला लावणं हे शिकवण्याहून अवघड काम आहे, आणि हातात महिनासुद्धा नव्हता.

एका दुपारी ह्यांनी एक चिकू नखाने खरवडून मला दाखवला. खालचा रंग हिरवा. "अजून आठवडा," असं म्हणून त्यांनी त्या फांदीला हात लावायचा नाही असं जमनीला सांगितलं. त्यांना माझ्याशी काही बोलायचं नव्हतं, ते चिकूबद्दलच बोलत होते. पण मी उठले, दर्शनाला घेतलं आणि वाळूवर गेले.

ओल्या वाळूवर नाही. भरतीची रेघ असते ना, जिथे कचरा, शिंपले आणि शेवाळं अडकून राहतं, तिच्या वर, सुरूंच्या पायथ्याशी. तिथे वाळू भुरभुरीत असते, लिहायला त्रास होतो, काटकी रुतवून लिहावं लागतं. मी तिला एकच गणित दिलं.

"घाई नाही. इथे पाणी येत नाही."

"उधाणाला पण?"

"उधाणाला पण. उद्या येऊन बघ."

तिने लिहिलं. सवयीने दोनदा पायाने मागची ओळ पुसायला गेली आणि थांबली. गणित पूर्ण झाल्यावर मी तिला म्हटलं, आता उत्तरापासून मागे चालत ये. ती अनवाणी उलटी चालत आली, एकेका ओळीपाशी थांबून, ही का आली, ही कशी आली, असं स्वतःशीच पुटपुटत. पहिल्या ओळीपाशी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि सुरूंच्या सावल्या गणितावर पडल्या होत्या. मला झोप येत होती, वाऱ्याने येते तशी.

दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट तिथे गेली. मी मागून गेले. गणित होतं तिथेच होतं. एका ओळीवरून खेकडा तिरका चालत गेला होता, बरोबरच्या चिन्हावर कावळ्याचे पाय होते, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचता येत होतं. दर्शना उभी राहून बघत होती.

"अजून आहे," ती म्हणाली. स्वतःलाच म्हणाली असावी.

"कागदावर पण राहील. कागदावर पाणी येत नाही, दर्शना. तिथे सगळं ठेवून ये."

त्यानंतर सुरूंखालची ती वाळू तिचीच झाली. रोज एक गणित नवीन लिहायची, जुनी तशीच. फाल्गुन सुरू होईपर्यंत तिथून चालायचं तर गणितांमधून पाय जपून टाकावा लागायचा. भाविका होडीची वाट बघत तिथे येऊन बसायची आणि म्हणायची, "टीचर, हिने आमची जाळी सुकवायची जागा घेतली ने." पण जाळी तिने दुसरीकडे सुकत घातली. पाड्यांवरून संध्याकाळी ढोल ऐकू यायला लागले होते. होळीसाठी बाहेर कामाला गेलेली माणसं परत येत होती, एसटीला उभं राहायला जागा नसायची आणि तरी ती यायची. दर्शना आली की तिच्या ओढणीला तो वास असायचा, जड, गोड, थोडासा आंबूस. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मोह बाई. आमच्याकडं पडायला लागला. सकाळी वेचून येते."

गणिताचा पेपर होळीच्या तोंडावर होता आणि तिचं सेंटर तलासरीला. मी तिकडे गेले नाही, शिकवणीच्या बाईने सेंटरवर जायचं नसतं, मुलांना उगाच धडकी भरते. पेपर सुरू व्हायच्या वेळेला मी किनाऱ्यावर गेले. उधाणाची भरती होती. पाणी वर वर येत होतं आणि मी मनात प्रश्न सोडवत होते. आता पहिला झाला असेल, आता दुसरा. एक लाट जवळजवळ कचऱ्याच्या रेघेपर्यंत आली आणि मी उगीचच दोन पावलं पुढे जाऊन तिच्या आड उभी राहिले, जशी काही ती तलासरीपर्यंत जाणार होती. साडीचा काठ भिजला. मी तिथेच बसले. पुढे पाणी उतरायला लागलं, ओली वाळू उघडी पडली, कोणीही काही न लिहिलेली, आणि मला कळलं की पेपर संपत आला आहे.

दुपारी फोन आला. मागे नाक्यावरचा गोंगाट, हॉर्न, कोणीतरी वापी वापी ओरडत होतं.

"कसा गेला गं?"

"बाई, पुरवणी घेतली," ती म्हणाली. "दोन घेतल्या. मॅडम बोलल्या, अजून पायजे का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सगळं तिथंच ठेवून आले," ती म्हणाली.

निकाल पाऊस सुरू व्हायच्या आधी लागला. मी मार्कांची वाट बघत होते, आणि तिचा फोन आला तो वेगळीच बातमी सांगायला. "बाई, ताईने बाजूची सीट दुसऱ्या मुलीला दिली." मी पडवीत उभी होते. चिकू निवडणाऱ्या बायकांसमोर मी रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. जमनीने काठी खाली ठेवली आणि काय झालं ते न विचारताच तीही डोळे पुसायला लागली. नंतर विचारलं. पास झाली म्हटल्यावर म्हणाली, "मग रडता कशाला बाई?" आणि आणखी रडली.

आता भाविका लग्न होऊन सातपाटीला आहे, होडीवाल्याच्याच घरी. दर्शनाचं कॉलेज कधीच पूर्ण झालं. ती झरीला शिकवणी घेते, दहावी, अकरावी, बारावी, आणि पाड्यांवरची मुलं आठ-आठ जण जीपला लटकून येतात असं ऐकून होते. मधे फोन व्हायचे, भेट नव्हती. यंदा तिने बोलावलं. "अकरावीच्या पोरांना एक दिवस तुम्ही शिकवा बाई. सकाळी या."

सकाळी या म्हटल्यावर मी घड्याळ लावून निघाले. रिक्षा, एसटी, नाक्यावरून जीप, तिचीच वाट उलटी. तलासरी नाक्यावर कंपनीची बस उभी होती, खिडकीशी एक मुलगी डोकं टेकून झोपली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटल्यासारखा फुलला होता आणि झरीजवळ पोचेपर्यंत तो वास जीपमध्ये भरून राहिला. या वेळी पुसट नव्हता.

दर्शनाचं घर झाडांच्या सावलीत. सारवलेलं अंगण, त्यावर ताडपत्री, आणि भिंतीला टेकवलेला मोठा फळा. फळ्यावर कालचं एक गणित होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं, एकही अक्षर न पुसलेलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पुसू नका. अंगणात कोणीच नव्हतं. एक पोर नाही, एक चप्पल नाही.

दर्शना मागच्या बाजूने आली. हातात टोपली, टोपलीत फिकट पिवळी फुलं, केस दवाने ओले. मला बघून तिने टोपली खाली ठेवली आणि पाया पडली. मी विचारलं, "मुलं कुठेत गं? क्लास किती वाजता?"

तिने रानाकडे बघितलं. झाडांखाली इकडेतिकडे मुलं वाकलेली दिसत होती, त्यांच्या मागे त्यांच्या आया. शांततेत फुलं पानांवर पडल्याचा आवाज येत होता, टप, मग थोडं थांबून टप.

ओट्यावरची चटई तिने माझ्यासाठी सरळ केली.

"बसा बाई," दर्शना म्हणाली. "अजून मोह पडतोय."